ओळखीचा चेहरा

महानगर माणसाला रोजगार देते, शिक्षण देते, उपचारांच्या सोयी देते. त्याची किंमत मात्र पुष्कळदा मनाला मोजावी लागते. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ग्रामीण भाग व लहान शहरांच्या तुलनेत महानगरांत मानसिक विकारांचे प्रमाण अधिक आढळले.

याचे खापर आपण गर्दी, गोंगाट आणि धावपळ यांवर फोडतो. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. महानगरात चहूबाजूंनी होणाऱ्या भडिमारापासून बचाव करण्यासाठी माणूस मनाभोवती अलिप्ततेचे कवच चढवतो, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ सालीच मांडले होते. हे कवच घरी परतल्यावरही उतरले नाही, तर शेजारी केवळ दारावरच्या पाटीपुरता उरतो.

मुंबईच्या लोकलचेच पाहा. खच्चून भरलेल्या एकाच डब्यात एक प्रवासी घुसमटत असतो, तर दुसरा आपल्या रोजच्या गटात टाळ वाजवीत भजन म्हणत असतो. गर्दी दोघांभोवती सारखीच; फरक असतो तो ओळखीचा. एखाद्या दिवशी आपण दिसलो नाही तर चौकशी करणारे कोणीतरी आहे, ही जाणीव मनाला मोठा आधार देते.

बँकेच्या शाखेतही हेच दिसते. पासबुकाच्या नोंदींसाठी यंत्र असूनही काही ज्येष्ठ ग्राहक खिडकीपाशीच येतात. काम दोन मिनिटांचे, पण "काका, बऱ्याच दिवसांनी आलात, तब्येत बरी आहे ना?" एवढे ऐकून त्यांचा चेहरा खुलतो. २०१६ साली यूपीआय आले आणि पुढे अनेक व्यवहार घरबसल्या होऊ लागले. ही सोय मोलाचीच आहे; परंतु वाचलेला वेळ पुन्हा मोबाइलच्या पडद्यालाच दिला, तर सोयीबरोबर माणसांच्या भेटीही गमावल्यासारखे होईल.

म्हणून त्यातली दहा मिनिटे जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यासाठी राखावीत. कर्मचाऱ्यांनीही शक्य तेथे ग्राहकाला नावाने संबोधावे. अर्थात, दीर्घकाळ झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर केवळ गप्पांवर विसंबून न राहता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. मदत मागण्यात कमीपणा नाही. आणि कोणी मागण्यापूर्वीच त्याची विचारपूस करण्यास तर काहीच खर्च येत नाही.