‘सिनिअरने दिलं’ हे उत्तर पुरेसं नाही

केमिस्ट्री किंवा बायोटेकमध्ये संशोधन करणाऱ्या मित्राला एकदा विचारून बघा, ‘हेच सॉफ्टवेअर का वापरतोस?’ उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: ‘सिनिअरने दिलं.’ मी मास कॉमची, क्रिस्टलोग्राफी हा काही माझा प्रांत नाही. पण एक किस्सा वाचला आणि वाटलं, हा तुम्हाला सांगायलाच हवा.

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की हातात येतात ठिपक्यांचे शेकडो फोटो. ते ठिपके शोधायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, तीव्रता मोजायची, सगळी मापं एका पट्टीवर आणायची. मगच रेणूची रचना सोडवता येते. ही पूर्वतयारी एक्सडीएस, डायल्स, एचकेएल-२००० अशी सॉफ्टवेअर्स करतात.

आता किस्सा. २००६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेफ्री चांग यांनी ‘सायन्स’मधले आपले तीन शोधनिबंध मागे घेतले. कारण काय, तर लॅबमधल्या एका छोट्या प्रोग्रॅमने डेटाच्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. उजव्याचं डावं झालं आणि प्रथिनाची रचनाच चुकली. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी तशाच एका प्रथिनाची रचना छापली, तेव्हा ही चूक उघड झाली. वर्षांची मेहनत गेली, तीही कुणी लबाडी न करता!

मग निवडायचं कसं? आधी ‘महाग तेच चांगलं’ हे डोक्यातून काढा. डायल्सचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, एक्सडीएस शैक्षणिक कामाला मोफत मिळतं. क्रॅक केलेल्या कॉपीचा पेनड्राइव्ह फिरवायची गरजच नाही. ज्याचा लॉग तुम्हाला वाचता येतो आणि कुठल्या टप्प्यावर काय झालं हे सांगता येतं, ते सॉफ्टवेअर तुमचं.

आणि तोच डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधूनही काढा. आपल्या पंढरपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आळंदीची पालखी एका वाटेने येते, देहूची दुसऱ्या. पोचतात दोन्ही इथेच. आकडे जुळले म्हणजे सगळं बरोबर असं नाही, पण जुळलेच नाहीत तर थांबायचं हे नक्की कळतं.

‘वेळ कुठंय?’ असं म्हणाल. पण सरावाला बीमलाइन लागत नाही. झेनोडोसारख्या साइटवर खऱ्या प्रयोगांचे कच्चे फोटो फुकट मिळतात. एक रविवार द्या. पुढच्या वेळी कुणी ‘हेच का?’ विचारलं, तर उत्तर तुमचं स्वतःचं असेल.