इस्टेट नसलेल्यांची इस्टेट मोटार

समाजवादी कार्यकर्त्याने मोटार घ्यावी की नाही, या प्रश्नाची चळवळीत उघड चर्चा क्वचितच झाली. तो बहुधा कुजबुजीच्या पातळीवरच राहिला. एखाद्या साथीच्या दारात जुनी का होईना, चारचाकी उभी राहिली की 'आता हा आपला उरला नाही' असा सूर निघतो. मग तो साथीही बैठकीला येताना गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी करून पायी येतो. या संकोचाचा परिणाम असा होतो की, ज्या व्यवहारात कुटुंबाची कित्येक वर्षांची बचत गुंतते, तो व्यवहार दलालाच्या शब्दावर आणि शेजाऱ्याच्या शिफारशीवर उरकला जातो. नैतिक प्रश्न झाकून ठेवल्याने आर्थिक प्रश्न सुटत नाही. दोन्हींचा विचार एकत्रच झाला पाहिजे.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावी राहणारे एक पगारदार कुटुंब घ्यावे. पती-पत्नी, चौदा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आई. आईच्या गुडघ्यांना एसटीची पायरी झेपत नाही, आणि महिन्यातून एकदा तरी तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावे लागते. मूळ गाव पस्तीस किलोमीटरवर. वर्षाचे तांदूळ आणि डाळ तिथूनच येते. संध्याकाळी गावात जाणारी मुक्कामी गाडी बंद झाली आहे. वडापच्या जीपमध्ये म्हातारीला कोंबून नेणे कोणाच्याही जिवावर येते. हे कुटुंब मोटारीचा विचार करू लागते ते हौसेपोटी नव्हे. त्याला हवी आहे पाच माणसे, घडीची चाकाची खुर्ची आणि धान्याची दोन पोती एका वेळी नेणारी, कमी खर्चाची गाडी.

अशा गाडीला मोटारींच्या दुनियेत 'इस्टेट' हे नाव आहे. मागच्या आसनामागे वेगळी डिकी न ठेवता छतापर्यंत मोकळी जागा असलेली, मागे पूर्ण उघडणाऱ्या दाराची ही लांब मोटार. इंग्लंडात तिचे नाव जमीनदारांच्या इस्टेटींवरून पडले, तर अमेरिकेत तिला 'स्टेशन वॅगन' म्हणत. रेल्वे स्थानकावर उतरलेले प्रवासी व त्यांच्या पेट्या मुक्कामी पोचवणे हे तिचे मूळ काम. म्हणजे ही गाडी जन्माला आली ती आगगाडीचा उरलेला टप्पा पुरा करण्यासाठी. सार्वजनिक वाहनाची जागा घेणे हा तिचा हेतू नव्हता. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भारतात ही जात रुजली नाही. टेल्कोने १९९२ मध्ये 'टाटा इस्टेट' आणली आणि २००४ मध्ये त्याच उद्योगसमूहाची 'इंडिगो मरीना' आली. दोन्ही टिकल्या नाहीत. स्वतंत्र डिकीची मोटार म्हणजे प्रतिष्ठा आणि मागे मोकळी जागा म्हणजे मालवाहू गाडी, हा गिऱ्हाइकाचा समज त्याला कारण होताच. परंतु सरकारी करधोरणाचा वाटाही लहान नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या व लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. त्यानंतर कारखानदारांनी गाड्यांच्या शेपट्या छाटण्याचा सपाटा लावला. तीच रेषा वस्तू व सेवा करातही कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेत बसणाऱ्या लहान मोटारीवर १८ टक्के आणि मर्यादेबाहेरच्या मोटारीवर ४० टक्के कर आहे. लहान गाडीला सवलत देणे तत्त्वतः चूक नाही. मात्र सहा-सात माणसांच्या कुटुंबाची साधी गाडी आणि धनिकाची आलिशान गाडी दोन्ही एकाच ४० टक्क्यांत टाकणाऱ्या या व्यवस्थेने माणसे किती बसतात हे पाहिले नाही. फक्त फूटपट्टी लावली.

साहजिकच अशा कुटुंबाला जुन्या गाड्यांच्या बाजाराची वाट धरावी लागते. 'जनतेची मोटार' ही घोषणा या देशात वारंवार झाली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा झाली, आणि २००८ मध्ये एक लाखाच्या नॅनोची घोषणा झाली तेव्हाही. पण सामान्य माणसाच्या दारात प्रत्यक्षात उभी राहिली ती बहुधा दुसऱ्याने पाच-सात वर्षे वापरलेली गाडी. जनतेची खरी मोटार ही जुनी मोटार आहे, आणि तिच्याविषयी कोणतेही सरकार धड बोलत नाही.

या बाजारात शिरण्यापूर्वी हिशेब नीट मांडला पाहिजे. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, 'ॲव्हरेज किती देते?' हा प्रश्न अपुरा आहे. समजा, चार लाखांची गाडी घेतली. एक लाख घरचे आणि तीन लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता सुमारे ८,२०० रुपये आणि एकूण व्याज ९३ हजारांवर जाते. पाच वर्षांनी गाडी दोन लाखांना विकली, तर घसारा वर्षाला ४०,००० आणि व्याज पाच वर्षांत वाटल्यास वर्षाला सुमारे १८,७००. विम्याचे १२,००० आणि सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी व किरकोळ दुरुस्तीचे २५,००० धरू. वर्षाला ८,००० किलोमीटर धावणारी, लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी, पेट्रोल हिशेबाच्या सोयीसाठी १०० रुपये लिटर धरल्यास, ५३,३०० रुपयांचे इंधन पिते. सर्व मिळून खर्च वर्षाला १,४९,०००; किलोमीटरला साडेअठरा रुपयांहून अधिक. त्यात इंधनाचा वाटा जेमतेम ३६ टक्के आहे. पंधराऐवजी अठराचे ॲव्हरेज देणारी गाडी वर्षाला सुमारे ८,९०० रुपये वाचवील. त्यासाठी लाखभर रुपये जास्त मोजणे म्हणजे अकरा वर्षांनी फिटणारा सौदा करणे होय.

यावरून निवडीची काही सूत्रे निघतात. पहिले सूत्र कर्जाचे. जुन्या गाडीच्या कर्जावरील व्याज सहसा नव्या गाडीपेक्षा जास्त असते, म्हणून कमी किमतीची, पण शक्य तितक्या रोख पैशाने घेतलेली गाडी बरी. दुसरे सूत्र सुट्या भागांचे. चेव्हरोले गाड्यांची देशातील विक्री २०१७ मध्ये थांबली. फोर्डने भारतातील मोटार-उत्पादन बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर केला. अशा गाड्या स्वस्त मिळतात. पण ज्या गाडीचा भाग तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, ती महिनाभर मिस्त्रीच्या दारात उभी राहू शकते. जुन्या मरीनालाही हीच कसोटी लावावी. २०१२ मध्ये आलेली अर्टिगा किंवा चार मीटरच्या आत सात आसने बसवणारी, २०१९ मधील ट्रायबर, या आजच्या इस्टेट होत. ट्रायबरची शेवटची आसने काढून ठेवता येतात, हे पोत्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. अर्टिगा टॅक्सी म्हणून पुष्कळ धावते. तेव्हा घेतली जाणारी गाडी पूर्वी भाड्याने धावली होती का, हे नोंदणीच्या इतिहासावरून पाहावे.

तिसरे सूत्र इंधनाचे. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या घराला डिझेल सहसा परवडत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते आणि गावातल्या गावात फिरल्यास ती तुंबते. सीएनजी स्वस्त पडतो. परंतु टाकी मागची जागा खाते, आणि ज्या जागेसाठी गाडी घ्यायची तीच हरवते. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते आणि बाहेरून बसवलेल्या संचाची नोंद आरसी पुस्तकात असावी लागते. पेट्रोल गाडीच्या बाबतीत २० टक्के इथेनॉलचा विचार हवा. जुन्या धाटणीच्या चारचाकींचे ॲव्हरेज त्यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. वरच्या हिशेबात ही घट वर्षाला तीन-चार हजारांची होते. इथेनॉलने ऊसउत्पादकाला आधार मिळत असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण त्याची किंमत जुनी गाडी वापरणाऱ्याच्या खिशातून गुपचूप वसूल होऊ नये.

चौथे सूत्र पारखण्याचे. दिल्ली परिसरात डिझेल मोटारींना १० आणि पेट्रोल मोटारींना १५ वर्षांची मर्यादा घातली गेली व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. अशा गाडीला ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि इथला कर लागतो, हे धरून किंमत करावी. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला उभी केली तरी आसनांखालचा गंज आणि सीटबेल्टच्या मुळाशी राहिलेला गाळ खरे सांगतो. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे, चेसिस क्रमांक आरसीशी ताडावा, कर्जाचा बोजा उतरल्याची आणि दंडाची चलने भरल्याची खात्री करावी. नाव बदलल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावे करण्यास अर्ज द्यावा. सोबत ओळखीचा मिस्त्री न्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. चहावर त्याचे ज्ञान फुकट मिळवणाऱ्याने श्रमाच्या प्रतिष्ठेवर व्याख्यान देऊ नये.

वय पाहताना पंधरा वर्षांची रेषा विसरता येत नाही. नोंदणी तितकीच वर्षे चालते, पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले. धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून जावी, याबद्दल दुमत नाही. पण गाडीचा धूर न मोजता केवळ जन्मतारीख पाहून दंड करायचा आणि दुसरीकडे नव्या विजेच्या महागड्या मोटारीला २०२५ च्या राज्य धोरणानुसार अटल सेतूवर टोलमाफी द्यायची, यात पर्यावरणाचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे हे स्पष्ट दिसते.

आता मूळ प्रश्न. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीने साध्या एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे झाले. त्या दराने वरील कुटुंबाचा हिशेब करावा. कर्त्या पुरुषाचे पूर्ण तिकीट. पत्नी व मुलीला २०२३ पासूनची महिलांची निम्मी सवलत. मुलाचे अर्धे तिकीट. आणि आजीला २०२२ पासून पंचाहत्तरीवरील नागरिकांना मिळणारा मोफत प्रवास. पाचही जणांचे मिळून किलोमीटरला सुमारे ४ रुपये १९ पैसे पडतात. मोटारीचे नुसते पेट्रोल ६ रुपये ६७ पैशांचे आणि पूर्ण खर्च साडेअठरा रुपयांचा. सारे कुटुंब भरून नेले तरी मोटार एसटीच्या चौपटीहून महाग आहे. मोटार स्वस्त पडते म्हणून हे कुटुंब ती घेत नाही. एसटी येत नाही म्हणून घेते. साथीच्या आधी अठरा हजारांच्या आसपास असलेला महामंडळाचा ताफा आटला, २०२१-२२ चा कामगारांचा दीर्घ संप सरकारने चिघळू दिला, मुक्कामी गाड्या तुटल्या. सवलतीचा कागद हाती आहे, पण थांब्यावर गाडी नाही. किलोमीटरमागे जे चौदा रुपये जास्त जातात, तो सार्वजनिक वाहतूक मोडल्याबद्दल या घरावर बसलेला कर आहे. कुठल्याही अर्थसंकल्पात त्याची नोंद नसते.

म्हणून ज्या साथीला गरज आहे त्याने गाडी अवश्य घ्यावी. डोळसपणे घ्यावी आणि बैठकीला येताना ती दारातच उभी करावी. आजारी आईला रुग्णालयात नेण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यानंतर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या. प्रवासातला आराम हा पैसेवाल्यांचा मक्ता नाही, हा समाजवादी विचार त्यामागे होता. तोच विचार आज एसटीच्या पायरीला लावायला हवा. म्हाताऱ्या माणसाला चढता येईल अशी कमी उंचीची गाडी, बंद पडलेली मुक्कामी फेरी, आणि जुन्या वाहनांची माफक शुल्कात प्रामाणिक तपासणी करणारे सार्वजनिक केंद्र, या तीन मागण्या प्रत्येक आगारावर गेल्या पाहिजेत.

धोका आहे तो वेगळाच. दारात गाडी आली की माणूस थांब्यावर उभा राहायचे सोडतो आणि थांब्यावर उभे राहणारे घटले की फेरी तुटते. ज्यांना गाडी घेणे शक्यच नाही, ती शेतमजूर बाई, ती कॉलेजची मुलगी मग तिथे एकटीच उरते. आगारप्रमुखाकडे शिष्टमंडळ जाईल तेव्हा मोटारवाल्या साथीने पहिल्या रांगेत असावे. त्याच्या गाडीत सहा-सात जणांची जागा आहेच.