काका, फॉर्म माझ्याकडे द्या!

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली, की लालबागच्या आमच्या मजल्यावर तीनच शक्यता असतात. मंडळाची वर्गणी, इस्त्रीवाला किंवा विमा एजंट. पहिले दोघं पाच मिनिटांत जातात. तिसरा चहा घेतो, पोहे घेतो, आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि जाताना घरादाराची पुढची वीस वर्षं बॅगेत घालून घेऊन जातो!

आमचे एजंटकाका गिरगावातून येतात. काळी रेक्झिनची बॅग, दिवाळीला कॅलेंडर, आजोबांच्या बाराव्यालाही हजर. म्हणजे एजंट कमी आणि नातेवाईक जास्त. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी आई-बाबांचा मेडिक्लेम काढायचा ठरला, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. बाबा तेव्हा ५८ चे. त्यांच्या ऑफिसचा ग्रुप कव्हर निवृत्तीबरोबर संपणार होता. मार्चचा शेवटचा आठवडा, माझं ऑफिसचं इयर-एंडिंग, रविवारीही लॅपटॉप उघडा. काका हॉलमध्ये टॅबवर काहीतरी भरत होते. मध्येच आवाज आला, "ओटीपी आला असेल बघ गं!" मी आतूनच सहा आकडे ओरडून सांगितले. झाली पॉलिसी!

आजकाल सही अशीच होते, मंडळी. पेन लागत नाही, चष्मा लागत नाही आणि वाचायलाही लागत नाही.

यंदाच्या पावसाळ्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. परळच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून घ्या म्हणून सांगितलं. पॉलिसीची पीडीएफ मी त्या रात्री पहिल्यांदा उघडली. शेवटच्या पानांवर प्रपोजल फॉर्मची प्रत होती. मधुमेह : नाही. रक्तदाब : नाही. चालू औषधं : नाही. आणि इकडे डायनिंग टेबलावर, लोणच्याच्या बरणीला टेकून, बाबांची मेटफॉर्मिनची पट्टी! गेली नऊ वर्षं ती तिथेच असते. काकांनी त्याच टेबलावर पोहे खाल्ले होते.

बाबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "काका म्हणाले शुगर बॉर्डरवर आहे, लिहायची गरज नाही. उगाच प्रीमियम वाढतो. कंपनीतून फोन आला तर सगळ्याला नाही म्हणा."

"आणि फोन आला?"

"आला. मी नाही म्हटलं."

रिपोर्ट चांगला आला, देवाची कृपा. बिल मात्र आम्ही खिशातून भरलं. क्लेम करायची हिंमतच झाली नाही.

मग मी एरवी आपल्यापैकी कुणीच करत नाही ते केलं. नियम वाचले. आपल्याला वाटतं, एजंट म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणारा माणूस, त्याला कसले नियम? पण आहेत, आणि चांगले कडक आहेत. विमा क्षेत्रावर नजर ठेवणारं 'आयआरडीएआय' हैदराबादला बसतं. एजंटांच्या नेमणुकीबद्दलचे त्यांचे नियम २०१६ चे आहेत आणि त्यात एजंटने कसं वागायचं याची अख्खी आचारसंहिता आहे. विचारलं तर ओळखपत्र दाखवायचं. आपण कुठल्या कंपनीचे ते सांगायचं. यात किती कमिशन मिळतं असं गिऱ्हाइकाने विचारलं, तर तेही सांगायचं. (मी विचारलं. काकांना ठसका लागला.) एका एजंटला एक आयुर्विमा कंपनी, एक जनरल विमा कंपनी आणि एक निव्वळ आरोग्य विमा कंपनी, एवढ्यांचंच काम करता येतं. म्हणून 'बाजारातली बेस्ट पॉलिसी' असं एजंट म्हणाला, की त्याचा अर्थ 'माझ्या बॅगेतली बेस्ट' असा घ्यायचा.

आणखी एक लाडकी प्रथा. 'पहिल्या हप्त्यातले थोडे मी तुम्हाला परत देतो हां.' आपल्याला वाटतं, वा, काय दिलदार माणूस! १९३८ च्या विमा कायद्याचं ४१ वं कलम याला सरळ मनाई करतं, देणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. पूर्वी दंड होता पाचशे रुपये, म्हणजे एका डिनरच्या बिलाइतकासुद्धा नाही. २०१५ च्या दुरुस्तीत तो दहा लाखांपर्यंत नेला. तरी सोसायटीच्या जिन्यात ही देवाणघेवाण आजही हसतखेळत चालते. जुनी पॉलिसी मोडायला लावून नवी गळ्यात मारणं हेही आचारसंहितेत बसत नाही. कंपनी आवडत नसेल तर पॉलिसी पोर्ट करता येते, आणि तुम्ही काढलेला वेटिंग पिरियड वाया जात नाही. हे मात्र एजंट आपणहून क्वचित सांगतो.

आचारसंहितेतला जो नियम आमच्या घरी मोडला गेला, तो सगळ्यात साधा आहे. महत्त्वाची माहिती गाळा किंवा चुकीची भरा असं गिऱ्हाइकाला एजंटने सुचवायचं नाही. उलट फॉर्ममध्ये काय सांगावं लागतं आणि का, ते समजावून द्यायचं. म्हणजे चूक काकांची. शंभर टक्के. मी जाम खूश झाले. पण हा आनंद फार टिकला नाही, कारण फॉर्म कुणाच्या नावाचा आहे? ओटीपी कुणी दिला?

दोन खटले सांगते. पहिल्यातली पॉलिसी १९९० ची, कंपनी आपल्या फोर्टातलीच, न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या गृहस्थांनी मेडिक्लेमच्या फॉर्मवर तब्येत उत्तम असल्याचं लिहिलं होतं. त्याच वर्षी ते गेले. क्लेम नाकारला गेला, पत्नी लढत लढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २००९ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. एकोणीस वर्षं! दुसऱ्यातले गृहस्थ अमेरिकेला निघालेले, ओव्हरसीज मेडिक्लेम काढलेला. त्यांनी फॉर्मवर मधुमेह सांगितला होता. तिकडे पोचल्यावर अँजिओप्लास्टी करावी लागली. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असल्याचं सांगितलं नव्हतं, असं म्हणून कंपनीने हात वर केले. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मधुमेह माहीत असताना, डॉक्टरी तपासणी करून पॉलिसी दिलीत ना, मग आता मागे फिरता येणार नाही, असा त्याचा रोख. दोन्ही माणसं मधुमेही. एकाने लिहिलं होतं, एकाने नाही.

लिहिलं तर पॉलिसीच मिळणार नाही, असं काका लोक सांगतात. कधी कधी तसं होतंही, खोटं कशाला बोला. बहुतेक वेळा मात्र हप्ता थोडा वाढतो आणि त्या आजाराला वेटिंग पिरियड लागतो. २०२४ पासून हा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त तीन वर्षांचा, पूर्वी चार होता. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर मात्र येतो. ही मुदत आधी आठ वर्षांची होती. यावर एका मित्राचं म्हणणं, "मग गप्प बस ना, तीन वर्षं काढ!" आयडिया झकास आहे. फक्त बाबांच्या हृदयाला तसं कळवायचं कसं, ते त्याला विचारायचं राहिलं.

मला राहून राहून आजोबांची आठवण येते. ते गिरणीत होते. त्यांच्या आरोग्य विम्याला एजंटच नव्हता! १९४८ च्या कायद्याने आलेली ईएसआय योजना, पगारातून वर्गणी कापली जायची, हातात एक कार्ड आणि आजारी पडलं की परळचं कामगार रुग्णालय. मधुमेह आहे का, वडिलांना काय होतं, असं कुणी विचारत नसे. गिरणीत आहेस ना? मग ये. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली आणि तिच्याबरोबर कार्डही गेलं. पुढे १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला आणि चाळीच्या जिन्यावर बॅगवाले काका दिसायला लागले. आपला ऑफिसचा ग्रुप कव्हर म्हणजे तेच जुनं कार्ड, फक्त एसीमध्ये. राजीनाम्याचा मेल गेला, की तेही जातं. घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी काढायला म्हणूनच कुठल्यातरी रविवारी हॉलमध्ये जाऊन बसावं लागतं.

तिकडे न्यू जर्सीत मावशीकडे वेगळीच गंमत. अमेरिकेत ६५ च्या पुढच्यांना सरकारी मेडिकेअर आहे, १९६५ पासून. त्याला जोडून खासगी कंपन्यांचे प्लॅन असतात आणि ते एजंट विकतात. म्हाताऱ्या माणसांना गंडवणं सोपं, म्हणून नियम असे की वाचून हसू येतं. न बोलावता दारावर जायचं नाही. ओळख नसताना फोन करायचा नाही. भेटीत कुठल्या प्रकारच्या प्लॅनवर बोलायचं, ते आधी गिऱ्हाइकाकडून मंजूर करून घ्यायचं. भेटवस्तू १५ डॉलरपर्यंतच. विक्रीच्या कार्यक्रमात जेवण देता येत नाही, चहा-बिस्किटं चालतात! मी मावशीला म्हटलं, आमच्याकडे उलटं आहे, आम्हीच एजंटला जेवायला घालतो. त्यासाठी हैदराबादने अजून काही नियम केलेला नाही.

काकांविरुद्ध तक्रार करायची का, यावर घरात दोन दिवस वाद झाला. करता येते. आधी कंपनीकडे, नाहीतर 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर सांताक्रूझला विमा लोकपाल आहेत. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं, फी नाही आणि वकीलही लागत नाही. पॉलिसी नवी असती तर सगळंच सोपं होतं. हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. पण ते ३० दिवस मी ती पीडीएफ उघडलीच नव्हती. शेवटी आई म्हणाली, "तक्रार कसली करतेस, आजोबांना खांदा दिलाय त्यांनी." बाबा काहीच बोलले नाहीत. तेही फोनवर 'नाही' म्हणाले होते ना!

मग ठरलं, की कंपनीला लेखी कळवायचं आणि ते काकांनाच करायला लावायचं. कंपनी हप्ता वाढवेल, नव्याने वेटिंग लावेल, कदाचित पॉलिसी रद्दही करेल. मी तिन्हीची तयारी ठेवली आहे. म्हणजे एक्सेल शीट केली आहे, तयारी वगैरे काही नाही.

मागच्या रविवारी काका आले. बेल अकरालाच वाजली. पोहे झाले. काका जरा अवघडलेले होते. "मी तुमच्या भल्यासाठीच..." असं दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबले. मग त्यांनी बॅगेतून माहितीचा कागदी फॉर्म काढला. मी म्हटलं, "काका, फॉर्म माझ्याकडे द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा."

मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचला. मधुमेह? हो, नऊ वर्षं. औषधाचं नाव, डोस. रक्तदाब? हो. वडिलांना हृदयविकार? बाबा थोडा वेळ थांबले आणि हो म्हणाले. काका चष्मा काढून पुसत बसले. आईने दुसऱ्यांदा चहा ठेवला.

"तंबाखू किंवा तंबाखूजन्य पदार्थ?"

बाबांनी पंख्याकडे बघितलं. काकांनी कॅलेंडरकडे. बाबा म्हणाले, "ते सोडलंय मी."

"कधी?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"झाले की आता..."

आई बाहेर आली. टीव्हीच्या मागे हात घातला, चुन्याची डबी काढली आणि फॉर्मवर आणून ठेवली. "लिही गं," म्हणाली.