यंत्र आणि गृहिणी : अ‍ॅपमधला चंद्र भलतीकडे का दिसतो?

संकष्टीच्या रात्री आभाळ भरून आलं, की हल्ली बऱ्याच घरांत फोन आकाशाकडे धरला जातो. ढगांमागे चंद्र उगवला की नाही, हे ताऱ्यांचं अ‍ॅप सांगतं आणि दिवसभराचा उपास त्यावर सोडायचा असतो. पण अ‍ॅपमधला चंद्र समोरच्या गच्चीवर दिसायचा सोडून मागच्या मोरीकडे दिसू लागला, तर? सासूबाई म्हणतात, “आपलं पंचांगच बरं!” आणि सूनबाई अ‍ॅप काढून टाकून पुन्हा घालतात. त्याने सहसा काही साधत नाही.

मैत्रिणींनो, अ‍ॅपला आकाश दिसत नसतं. फोन कुठल्या गावात आहे, किती वाजलेत आणि फोनचं तोंड कुठल्या दिशेला आहे, एवढ्यावरून ते गणित मांडून चित्र काढतं.

चित्र गरगरत असेल, थरथरत असेल किंवा दिशाच चुकत असेल, तर पहिला संशय कव्हरवर घ्यावा. पाकिटासारख्या कव्हरच्या झाकणात बहुधा लोहचुंबक असतं, आणि फोनमधलं चिमुकलं होकायंत्र त्याच्या नादी लागतं. कव्हर काढा, लोखंडी ग्रील नि कपाटापासून चार पावलं दूर व्हा, आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा चार-पाच वेळा फिरवा. शेजारीण बघेल, बघू दे. काही स्वस्त फोनांत होकायंत्रच नसतं. तिथे चित्र आपणहून वळत नाही, बोटाने सरकवावं लागतं. चंद्रोदयाची वेळ मात्र त्यातही बरोबर मिळते.

वेळच चुकत असेल तर ठिकाण तपासा. लोकेशनची परवानगी दिलेली नसली, तर अ‍ॅप दुसऱ्याच गावचं आकाश दाखवत बसू शकतं. हा फरक किरकोळ नव्हे. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटं. नागपूर मुंबईच्या साधारण ६ अंश पूर्वेला, म्हणजे तिथे चंद्र जवळजवळ २५ मिनिटं आधी उगवतो. मुंबईकरणीने नागपूरची वेळ धरली, तर चंद्र क्षितिजाखाली असतानाच मोदकांचं ताट वाढलं जायचं! याचा पडताळा सोपा आहे. अ‍ॅपमध्ये ध्रुवतारा शोधा, त्यावर बोट ठेवा आणि त्याची उंची बघा. मुंबईत ती १९ अंशांच्या आसपास हवी, नागपुरात २१. पन्नास दिसली, तर अ‍ॅप युरोपात बसलंय असं समजा.

ठिकाणही बरोबर निघालं, तर मुलांनी खेळता खेळता तारीख पुढेमागे सरकवली असेल. ‘आत्ता’ची खूण दाबली की आकाश जागेवर येतं. फोनची तारीख-वेळही आपोआप जुळेल अशी ठेवावी.

पडदा लाल झाला म्हणून घाबरू नका. तो बिघाड नव्हे, रात्रीची सोय आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना लाल उजेड कमी खुपतो. पडदा काळाच राहिला, तर बॅटरी वाचवायची सोय बंद करून, अ‍ॅप नवं करून बघावं आणि फोनमधली जागा थोडी मोकळी करावी.

कोकणातल्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. अ‍ॅपची वेळ सपाट क्षितिजाची असते. तुमच्या पूर्वेला सह्याद्री उभा, त्यामुळे अ‍ॅपमध्ये चंद्र वर आला तरी अंगणात तो उशिराच दिसणार. नैवेद्य उदयाला दाखवायचा की दर्शन झाल्यावर, ते घरच्या रीतीप्रमाणे ठरवा.