सरंजामदार कोण?

दलाई लामा म्हणजे सरंजामशाहीचा अवशेष, असे काही पुरोगामी आजही म्हणतात. जुन्या तिबेटात मठांची जमीनदारी आणि रयतेची पिळवणूक होती, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या राष्ट्रप्रमुखाने सत्तेचे काय केले, हा. १९५० साली चिनी फौजा घुसल्या तेव्हा पंधराव्या वर्षी राज्यसूत्रे त्यांच्या हाती आली. १९५९ साली ते परागंदा झाले. निर्वासितांतच त्यांनी लोकप्रतिनिधींची सभा उभारली आणि २०११ साली उरलेसुरले राजकीय अधिकारही निर्वाचित नेतृत्वाकडे स्वखुशीने सोपविले.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ साली वसलेल्या नोर्गेलिंग वसाहतीतील तिबेटी आज आपला नेता मताने निवडतात. ल्हासातील त्यांच्या बांधवांना तो हक्क नाही. उलट, स्वतःला निरीश्वरवादी म्हणविणाऱ्या चिनी राजवटीने २००७ साली लामांच्या पुनर्जन्मालाही सरकारी परवाना सक्तीचा केला! मग सरंजामदार कोण?

लोहियांनी १९५० सालीच या आक्रमणाला शिशुहत्या म्हटले. दिल्लीने मात्र १९५४ आणि २००३ साली तिबेट चीनचाच मानला. समाजवाद्यांनी तरी गोठणगावच्या या शेजाऱ्यांकडे दयेने नव्हे, स्वातंत्र्यलढ्यातील सहकारी म्हणून पाहावे.