दान मध्यान्हीचे, स्नान प्रातःकाळचे

रथसप्तमीस अंगणात दूध उतू घालवून आपण सूर्यनारायणाचे पूजन करतो. त्याच सूर्याचे दान आता गच्चीवरील सौरपटलांतून विजेच्या रूपाने घरात येते. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत त्यासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानही ठेवण्यात आले.

परंतु दान घेणाऱ्याने दात्याची वेळ पाळावी. सूर्य देतो मध्यान्ही. आपण पाणी तापवतो पहाटे. त्यासाठी मोठी बॅटरी घ्यावी काय? आमच्या मते, मुळीच नाही. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापविण्यास सुमारे तीन युनिट वीज लागते. एक किलोवॅटचे पटल स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे चार युनिट देते. टायमर लावून, पटलांना पेलेल अशा लहान हीटरने दुपारीच पाणी तापवावे व जाड उष्णतारोधक टाकीत राखावे. ती टाकीच उष्णतेची बॅटरी होय.

कोणी म्हणेल, दुपारची शिल्लक वीज नेट मीटरवर जमा होतेच! खरे, पण पहाटे परत मिळणारी वीज बहुधा कोळशाचीच असते.

बॅटरीचे प्रयोजन निराळे. बाहेरची वीज गेली की साधा सौरसंचही सुरक्षिततेसाठी आपोआप थांबतो. तेव्हा देवघरातील दिवा आणि आजाऱ्याच्या उशाचा पंखा चालावा, एवढी लहान बॅटरी पुरे. समईचे तेल चुलीत ओतणाऱ्यास गृहस्थधर्म कळला, असे आम्ही तरी म्हणणार नाही.