खळ शिजवायला आळस नको
उसाच्या चोथ्याचाही कागद होतो. तेव्हा सातपुडा-तापी साखर कारखान्याच्या पुरुषोत्तमनगरात कागदाचा विषय निघाला तर नवल नाही. नवल हे, की हातकागदावर हौसेने पैसे घालणारी मंडळी चिकटवायला मात्र हाताशी येईल ते घेतात. फेविकॉल १९५९ पासून बाजारात आहे. सुतारकामात तो राजा, पण कागदावर एकदा वाळला की कागद फाटेल, जोड सुटणार नाही. आकाशकंदिलाच्या कामट्यांना कागद लावताना घराघरांत गव्हाच्या पिठाची खळ शिजे. कसर लागू नये म्हणून कुणी मोरचूदही घाली (तो विषारी, पोरांपासून लांबच बरा). खळ पाण्याने सुटते, म्हणून जुन्या पोथ्या दुरुस्त करणारे अजूनही पिठाच्याच खळीकडे वळतात. हातकागद पाणी भराभर पितो. खळ दाट हवी आणि वर वजन, नाहीतर कागद पापडासारखा वळलाच. चिकटवलेला कागद वाळल्यावर त्यावर लेप द्यायचा, तर लाखेचं पॉलिश पिवळसर झाक आणतं, त्याऐवजी पाण्यात कालवायच्या अ‍ॅक्रिलिक व्हार्निशचे दोन पातळ हात द्यावेत. मात्र पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा खरबरीत कागद आणला असेल, तर चकचकीत लेप मुळीच नको. पोत झाकायचाच असेल तर गिरणीचा कागद स्वस्त पडतो.